तिशीच्या आत मृत्युपत्र? हो. आणि मूल नसेल तर जास्तच

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं कोणत्या परिस्थितीला धरून लिहिलंय ते कळेल. विचारणारीचं वय २९. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही. दोघांची नोकरी, दोघांच्या नावे कर्ज काढून घेतलेला फ्लॅट, शिवाय तिचा स्वतःचा पीएफ, थोडे म्युच्युअल फंड, एक विमा पॉलिसी आणि लग्नातलं सोनं. वडील मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे त्यांनी गावाकडे बांधलेल्या घरावर आई, धाकटा भाऊ आणि ही अशी तीन नावं लागली. आई त्याच घरात राहते आणि तिचा महिन्याचा खर्च हीच पाठवते. फ्लॅट सोडून बाकी सगळीकडे नॉमिनी म्हणून आईचं नाव आहे. प्रश्न असा की एवढं असताना मृत्युपत्राची गरज आहे का, आणि या वयात? शिवाय, त्यासाठी वकील लागतोच का? घरात विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "भरल्या घरात असलं अभद्र बोलू नये."

गरज आहे. का, ते सांगायला मात्र जरा वेळ लागेल.

तुम्ही प्रश्न वयाचा धरलाय. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं तसाच धरतात: साठी उलटली, पोरं मार्गाला लागली, आता मृत्युपत्र करून टाकू. पण वारसाहक्काच्या कामात मला उलटंच दिसत आलंय. पासष्ट वर्षांच्या बाईने मृत्युपत्र केलं नाही, तरी तिची मालमत्ता साधारणपणे नवऱ्याला आणि मुलांना जाते, आणि बहुतेक वेळा तिच्याही मनात तेच असतं. मूल नसलेल्या तरुण बाईच्या बाबतीत तिच्या मनात काय आहे आणि कायदा काय करतो, यातलं अंतर सगळ्यात जास्त असतं. त्यामुळे खरा प्रश्न असा आहे: तुम्ही काहीच लिहून ठेवलं नाही, तर तुमच्या पश्चात कायदा कोणाच्या हातात काय देईल, आणि ते तुम्हाला चालणार आहे का?

तर कायदा काय देतो ते पाहू. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६, कलम १५. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख स्त्रियांनाही लागू आहे, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे बऱ्याच जणींना ते माहीत नसतं. स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मालमत्ता पहिल्यांदा तिची मुलं आणि नवरा यांना मिळते. मूल नसेल तर सगळी नवऱ्याला. मूल नाही आणि नवराही हयात नाही, तर नवऱ्याच्या वारसांना. म्हणजे सासू, ती नसेल तर क्रमाने सासरे, मग दीर-नणंद, असं पुढे. त्या बाजूला कोणीच उरलं नाही, तर मग तिच्या स्वतःच्या आई-वडिलांना. हो, क्रम असाच आहे. पगार तुमचा, गुंतवणूक तुमची, पण रांगेत तुमची आई नवऱ्याच्या नातेवाइकांच्याही मागे उभी आहे.

पुरुषाच्या बाबतीत असं नाही. तुमचे यजमान मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांची आई तुमच्याबरोबर पहिल्या रांगेत, तुमच्याइतक्याच हिश्श्याची वारस असते. नवऱ्याची आई पहिल्या रांगेत आणि बायकोची आई तिसऱ्या. १९५६ साली बाईकडे मालमत्ता येणार ती एकतर माहेरकडून नाहीतर सासरकडून, असं धरून चालले होते. ती स्वतः कमावेल, स्वतःच्या नावावर कर्ज काढून घर घेईल, हे त्या चौकटीत नव्हतं.

हे नुसतं पुस्तकात नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा निकाल या कामातल्या प्रत्येकाला माहीत असतो. नारायणीदेवींचं लग्न १९५५ साली झालं आणि तीन महिन्यांतच नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, पुढे चार दशकं तिचा सासरशी काही संबंध राहिला नाही. १९९६ साली ती गेली, मृत्युपत्र नव्हतं. तिच्या बचतीवर आणि पीएफवर माहेरच्यांनी हक्क सांगितला, तसाच सासरच्यांनीही. न्यायालयाने निकाल सासरच्या बाजूने दिला. सहानुभूती वाटली म्हणून कलमाचा अर्थ बदलता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. एका साध्या कागदावर चार ओळी आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असत्या, तर हा खटला उभाच राहिला नसता.

त्याआधी वर्षभर, २००८ मध्ये, विधी आयोगाने आपल्या २०७ व्या अहवालात या कलमात दुरुस्ती सुचवली होती. दुरुस्ती झालेली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच कलमाला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. न्यायालयाने कलमाच्या वैधतेचा मुद्दा पुढच्यासाठी खुला ठेवला आणि सर्व स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं. देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट स्वतःच तसं सांगत असेल, तर कायदा बदलायची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

आता तुमच्या नॉमिनेशनकडे येते, कारण तुमचा सगळा भरवसा तिथे आहे. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ मुलीची फाईल घेऊन माझ्याकडे आले होते. मुलगी तिशीच्या आत गेलेली, मूल नव्हतं. फाईल इतकी नीट लावलेली की वकिलाला लाज वाटावी. प्रत्येक ठेवीची पावती प्लास्टिकच्या कव्हरात, आणि नॉमिनीच्या रकान्यात त्यांचं नाव पिवळ्या मार्करने रंगवलेलं. "सगळीकडे मीच आहे," ते म्हणाले. मला त्यांना सांगावं लागलं की बँक पैसे तुमच्या हातात देईल, पण जावयाने मागितले तर ते त्याचे आहेत. ते गप्प बसून ऐकत होते, आणि मग त्यांनी अगदी रास्त प्रश्न विचारला: "मग हा रकाना भरून तरी कशाला घेतात?"

बँकेसाठी भरून घेतात. खातेदार गेला की पैसे कोणाच्या हातात द्यायचे हे बँकेला कळावं आणि एकदा दिले की बँकेची जबाबदारी संपावी, एवढंच त्याचं काम. नॉमिनी हा पैसे घेऊन खऱ्या वारसापर्यंत पोचवणारा माणूस असतो. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ मध्येच सांगितलं होतं (सरबती देवी खटला), आणि शेअर्स व म्युच्युअल फंडांच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात पुन्हा सांगितलं. सहकारी गृहनिर्माण संस्थेतही नॉमिनी तात्पुरता सभासद म्हणून येतो, मालक होत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात, ती सोय चांगलीच आहे, पण चारांचे चाळीस केले तरी त्यातला एकही त्यामुळे वारस होत नाही.

विम्याचं थोडं वेगळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना कायद्याने लाभार्थी नॉमिनी, म्हणजे पैसे स्वतःसाठी मिळणारा नॉमिनी, असा वेगळा दर्जा दिलाय. तरी त्यावरूनही कोर्टात वाद झालेले आहेत, म्हणून पॉलिसीत जे नाव आहे तेच मृत्युपत्रातही लिहा. दोन कागद एकच बोलले की भांडणाला जागा उरत नाही.

आणि पीएफ. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा, म्हणजे लग्नाआधी, आईचं नाव दिलं असणार. पीएफ योजनेच्या नियमानुसार कुटुंब नसताना केलेलं नॉमिनेशन कुटुंब झाल्यावर आपोआप बाद होतं, आणि लग्न झालं की योजनेच्या दृष्टीने तुम्हाला कुटुंब झालं. त्यामुळे तिथे आज तुम्ही समजताय तसं आईचं नाव उभं नसण्याचीच शक्यता जास्त. बाईच्या बाबतीत तिच्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही "कुटुंबा"त धरले जातात, म्हणून तुमच्या आईचं नाव नव्याने देता येतं. हे काम ऑनलाइन होतं. मृत्युपत्राचा विचार करायला महिना लावा हवं तर, पण हे या आठवड्यात करा.

आता गावाकडचं घर. हे जरा बारकाईने वाचा, कारण यातली खोच भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. आई-वडिलांकडून वारसाने आलेल्या मालमत्तेला कलम १५ मध्येच वेगळा नियम आहे: मूल नसेल तर ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे आज तुम्हाला काही झालं, तर त्या घरातला तुमचा तिसरा हिस्सा नवऱ्याकडे न जाता आई आणि भावाकडे जाईल. छान. पण हा नियम फक्त मूल नसेपर्यंत. उद्या बाळ झालं की तो बाजूला पडतो, आणि तुमचा हिस्सा बाळ आणि नवरा यांना निम्मा-निम्मा जातो. मग ज्या घरात तुमची आई राहते त्या घराचे सहमालक होतात तुमचा नवरा आणि एक अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, मूल. अज्ञान मुलाचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. उद्या आईला ते घर विकून भावाजवळ राहायला जायचं असेल, तर तिला आधी कोर्टाची पायरी चढावी लागणार. नवरा कितीही भला असला तरी यातून सुटका नाही, कारण इथे अडचण माणसाच्या स्वभावाची नसून कागदाची आहे.

अजून एक. वरचा नियम "वारसाने" मिळालेल्या मालमत्तेला आहे. बापाने हयातीत हौसेने मुलीच्या नावे बक्षीसपत्र करून फ्लॅट दिला, तर तो तिच्या स्वतःच्या मालमत्तेत धरला जातो आणि मूल नसेल तर नवऱ्याकडे, नवरा नसेल तर त्याच्या नातेवाइकांकडे जातो. ज्या वडिलांनी मुलीला बक्षीसपत्राने काही दिलंय, त्यांनी मुलीला मृत्युपत्र करायलाही सांगावं. वडिलोपार्जित जमिनीतला हिस्साही असाच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना सहदायादाचा, म्हणजे मुलांप्रमाणे जन्मानेच हिस्सेदार असण्याचा, हक्क दिला, आणि तो हिस्साही मृत्युपत्राने देता येतो. सातबारावर नाव लागलं नसलं तरी हक्क असू शकतो, म्हणून मृत्युपत्रात त्याचा उल्लेख राहू द्या.

मग तुम्ही सगळं आईला लिहून द्यावं का? माझं मत, नाही. इथे प्रत्येकीचं उत्तर वेगळं येईल. नवऱ्याशी नातं कसं आहे, आईला दुसरं उत्पन्न आहे का, भावाचा भरवसा किती, यावर ते ठरेल. पण तुमच्यासारख्या परिस्थितीत मी साधारण असं सुचवते. फ्लॅटमधला तुमचा हिस्सा नवऱ्याला द्या. त्यावर कर्ज आहे, हप्ते पुढे त्यालाच भरायचेत, बँक सहकर्जदार म्हणून त्याच्याच मागे लागणार. तो हिस्सा आईच्या नावे केलात, तर सासू आणि जावई एका कर्जबाजारी घराचे भागीदार होतील, आणि यातून कोणाचंच भलं होत नाही. आईला रोकड द्या: ठेवी, म्युच्युअल फंड, विमा. तिला महिन्याचा खर्च हवाय, अर्धा फ्लॅट नकोय. गावाकडच्या घरातला हिस्सा आईला, ती नसेल तर भावाला. सोन्यातलं माहेरचं काय आणि सासरचं काय, हे तुम्हालाच माहीत. ते तुम्ही ठरवा.

सोन्यावर एक सूचना. "माझे सर्व दागिने" असं लिहू नका. दागिने नुसते "सर्व" राहिले की कोणाच्या लॉकरमधलं कोणाचं, यावरून भांडण सुरू होतं. दागिना, साधारण वजन आणि तो कुठे ठेवलाय, एवढं लिहा. जमलं तर फोटो काढून त्यामागे सही करून मृत्युपत्रासोबत ठेवा. लग्नात तुम्हाला मिळालेलं सोनं स्त्रीधन आहे आणि सासूबाईंच्या लॉकरमध्ये असलं तरी तुमचंच आहे, पण ते तुमचं होतं हे नंतर सिद्ध करायला तुम्ही असणार नाही.

मजकूर कसा असावा, याची भीती बाळगू नका. ठेवी आणि फंडांबाबतचा परिच्छेद मी साधारण असा लिहून देते:

"माझ्या नावावरील बँक खात्यांतील रक्कम, ठेवी, म्युच्युअल फंड व शेअर्स, माझ्या मृत्यूच्या वेळी जे व जितके असतील ते सर्व, माझी आई श्रीमती (पूर्ण नाव) हिला मिळावेत. ती माझ्याआधी मरण पावली असल्यास ते माझा भाऊ श्री. (पूर्ण नाव) यास मिळावेत."

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. "मृत्यूच्या वेळी जे असतील ते" असं म्हटल्याने प्रत्येक नव्या ठेवीसाठी मृत्युपत्र बदलावं लागत नाही. तरुण बाईची गुंतवणूक दर वर्षी बदलते, तिने खाते क्रमांकांची यादी देऊन स्वतःला बांधून घेऊ नये. दुसरं म्हणजे पर्यायी नाव. आई तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे, ती आधी जाण्याचा संभव जास्त, आणि दुसरं नाव नसेल तर तेवढी मालमत्ता पुन्हा कलम १५ च्या हवाली होऊ शकते. शेवटी एक सर्वसमावेशक वाक्य घाला: वर न उल्लेखलेली इतर सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीला मिळावी. हे वाक्य विसरलेली मृत्युपत्रं मी इतकी पाहिलीत की आता कोणाचंही मृत्युपत्र हातात आलं की आधी शेवटचं पान उलटते.

कायद्याच्या अटी थोड्याच आहेत. वय १८ पूर्ण आणि मन थाऱ्यावर. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, हाताने लिहिलेलं चालतं, मराठीत चालतं. तुमची सही, आणि दोन साक्षीदार, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलंय आणि ज्यांनी तुमच्यासमोर सही केलीय. आत काय लिहिलंय हे साक्षीदारांना कळण्याची गरज नाही. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. आणि तुमच्या वयाचे किंवा लहान साक्षीदार घ्या: पुढे मृत्युपत्र सिद्ध करताना निदान एका साक्षीदाराला कोर्टात यावं लागतं. तिशीतल्या बाईने सत्तरीतले शेजारचे काका साक्षीदार म्हणून घेतले, तर चाळीस वर्षांनी कोणाला बोलावणार? नोंदणी ऐच्छिक आहे. दुय्यम निबंधकाकडे केलीत तर कागद हरवण्याची भीती जाते आणि खोटेपणाचा आरोप करणं अवघड होतं. वादाचा वास येत असेल तर जरूर करा. नोंदणी केली म्हणून नंतर बदलता येत नाही, हा मात्र गैरसमज. शेवटचं मृत्युपत्र खरं धरलं जातं, मग ते नोंदवलेलं असो वा नसो. म्हणून वर तारीख टाका आणि "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करत आहे" हे लिहा.

ठेवायचं कुठे? फक्त तुमच्या एकटीच्या नावावर असलेल्या लॉकरमध्ये नको. ते उघडायलाच वारसांना कागदपत्रं लागतील आणि त्यांतला मुख्य कागद आत बंद. एखाद्या विश्वासू माणसाला जागा सांगून ठेवा. ज्याला अंमलबजावणीसाठी व्यवस्थापक नेमलंय त्याला तर नक्कीच. फोनचे आणि बँकेचे पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नका. ते वेगळ्या बंद पाकिटात.

तुमच्यापेक्षा वेगळ्या परिस्थितीतल्या मुलीही हे वाचतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी.

अविवाहित असाल, तर आज तुमची मालमत्ता आई-वडिलांना समान मिळेल. पुष्कळांना तेच हवं असतं. पण एखाद्या भावंडाला काही द्यायचं असेल, किंवा लग्नाशिवाय ज्याच्याबरोबर राहता त्याच्यासाठी काही ठेवायचं असेल, तर लिहावंच लागेल. त्याला वारस म्हणून काहीही मिळत नाही. हिंदू स्त्रीने लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्न झालं म्हणून रद्द होत नाही. म्हणजे आज आई-वडिलांच्या नावे केलेला कागद लग्नानंतरही उभा राहील. ख्रिस्ती आणि पारशी मुलींना मात्र हे लागू नाही: त्यांचं आधीचं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं, नवं करावं लागतं. मुस्लिम कायद्यात इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही आणि सुन्नींमध्ये वारसापैकी कोणाला वेगळं काही देण्यालाही त्यांची संमती लागते. तिथे माहितगाराशी बोलूनच पुढे जा. विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असेल, तर दोघंही हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांपैकी असल्यास वरचाच हिंदू कायदा लागतो, नाहीतर भारतीय उत्तराधिकार कायदा.

वेगळ्या राहत असाल, घटस्फोटाचा अर्ज चालू असेल, तर मी म्हणेन की हे वाचून होताच कागद काढा. हुकूमनामा होईपर्यंत तो कायद्याने नवरा आहे आणि मूल नसेल तर तुमच्या कमाईचा एकटा वारस आहे. तारखांवर तारखा पडत असताना बायका पोटगीच्या, दागिन्यांच्या यादीच्या मागे असतात, ते बरोबरच आहे, पण हा मुद्दा त्यांना वकिलानेही सांगितलेला नसतो. उलट बाजूही लक्षात घ्या: सुखाच्या दिवसांत नवऱ्याच्या नावे केलेलं मृत्युपत्र घटस्फोट झाला म्हणून आपोआप रद्द होत नाही. ते तुम्हालाच रद्द करावं लागतं.

विधवा किंवा एकट्या आईसाठी मृत्युपत्राचं आणखी एक काम असतं, ते म्हणजे मुलाचा पालक नेमणं. विधवा आई मृत्युपत्राने पालक नेमू शकते. वडील हयात असताना आणि ते पालकत्वाला अपात्र ठरलेले नसताना आईने केलेली नेमणूक मात्र त्यांच्यावर मात करू शकत नाही. तिथेही आई एक गोष्ट करू शकते: मुलाला दिलेला पैसा कोणी सांभाळायचा, ते ठरवून त्यासाठी दुसरा माणूस नेमणं. याचा मसुदा मात्र वकिलाकडूनच करून घ्या.

आता सासूबाई. त्यांचं चुकलंय असं मी म्हणणार नाही. भरल्या घरात मरणाचं नाव नको, हे त्यांच्या पिढीला मनापासून वाटतं. पण हा विषय सासूबाईंशी बोलायचा आहेच कशाला? नवऱ्याशी बोला, आणि "माझं मृत्युपत्र" म्हणून बोलण्यापेक्षा "आपण दोघांची करू" असं म्हणा. त्याच्या बाजूनेही आकडे मांडा: तो मृत्युपत्र न करता गेला, तर फ्लॅटमधला त्याचा अर्धा हिस्सा तुम्ही आणि सासूबाई यांच्यात विभागला जाईल. म्हणजे पाऊण फ्लॅट तुमचा, पाव सासूबाईंचा, आणि कर्ज फेडणाऱ्या तुम्ही. त्यांच्या पश्चात तो पाव हिस्सा त्यांच्या वारसांकडे, म्हणजे दीर-नणंदांकडेही जाऊ शकतो. हे ऐकल्यावर बहुतेक नवऱ्यांना विषय अभद्र वाटायचा थांबतो. आणि दोघं एकाच अपघातात गेले आणि आधी कोण गेलं हे कळलं नाही, तर कायदा वयाने लहान असलेली व्यक्ती नंतर गेली असं धरतो. तुम्ही नवऱ्यापेक्षा लहान असाल, तर तुम्ही नंतर गेलात असं मानून तुमची सगळी कमाई त्याच्या वारसांकडे जाईल. तुमच्या आईला त्यातलं काही मिळणार नाही.

वकील लागतोच का, हेही तुम्ही विचारलंय. तुमच्यासारख्या सरळ परिस्थितीत लागतोच असं नाही. पण गावाकडच्या घराचं एकदा कोणाला तरी दाखवून घ्या. जाताना मिळकत पत्रिकेचा उतारा, फ्लॅटचा करारनामा, कर्जाचं मंजुरीपत्र आणि पॉलिसीची पहिली पानं न्या, आणि कोणाला काय द्यायचंय ते घरून साध्या भाषेत लिहून न्या. एवढं तयार असेल तर काम एका बैठकीत होतं. बाळ झालं, घर बदललं, आई गेली किंवा नवऱ्याशी बिनसलं, यांपैकी काही घडलं की कागद पुन्हा काढून वाचा. थोडाच बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र पुरतं, मात्र त्यालाही दोन साक्षीदार लागतात.